युरोटियरच्या नावावर दूध उत्पादकांना लुबाडतायत, सावध राहा

जर्मनीत हॅनोव्हरला दर दोन वर्षांनी, सम वर्षी नोव्हेंबरात, युरोटियर हे पशुपालनाचं मोठं प्रदर्शन भरतं. 2024 मध्ये ते 12 ते 15 नोव्हेंबरला झालं. दूध काढणारे रोबोट, मुक्त गोठ्याची रचना, खाद्य, वासरांचं संगोपन, सगळं एकाच आवारात बघायला मिळतं. आमच्याकडच्या गोठेवाल्यांना तिथं जायची फार हौस, आणि नेमकी तीच हेरून एक माणूस दूध संकलन केंद्रावर आला.

"दादा, महाराष्ट्रातून मोजक्याच प्रगतिशील शेतकऱ्यांची निवड झालीय, त्यात तुमचं नाव आहे," म्हणाला. पत्र दाखवलं. जाड कागद, वर प्रदर्शनाचं चिन्ह, खाली निळा गोल शिक्का. संपर्काचा ईमेल मात्र जीमेलचा. या प्रदर्शनाला जायला कुणी निवडून पाठवावं लागत नाही. आयोजकांच्या संकेतस्थळावर कुणालाही तिकीट काढता येतं.

मग पैशाचं सुरू झालं. आधी नोंदणी, मग हॉटेल, मग "व्हिसा हमी शुल्क". पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर. वकिलातीत आपला माणूस आहे, बोटांचे ठसे द्यायलाही जायला नको, असं तो छातीठोकपणे सांगायचा. हे धादांत खोटं. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा पहिल्यांदा काढणाऱ्याला ठसे द्यायला स्वतःच जावं लागतं. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. व्हिसा द्यायचा की नाही हे वकिलात ठरवते, त्याची हमी कुठलाच एजंट देऊ शकत नाही. निमंत्रणपत्र हा अर्जाला जोडायचा फक्त एक कागद.

हॉटेलची पावती मात्र खरी होती. आमच्या पुतण्यानं थेट हॉटेलला फोन लावला तेव्हा कळलं की बुकिंग झालं होतं, पण लगेच रद्दही झालं होतं. फुकटात रद्द होणारी खोली घ्यायची, पावती शेतकऱ्याला पाठवायची, खोली सोडून द्यायची आणि पैसे खिशात घालायचे. अशी ही पद्धत.

माझ्या चुलत्यांनी यासाठी पहिल्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणारी विदेशी जात) गाय विकली. भर दुधातली होती हो! त्यांचे पैसे तर गेलेच, पासपोर्टही त्याच माणसाकडे अडकलाय. आता फोन बंद आहे. पोलिसांत तक्रार दिलीय, पासपोर्ट कार्यालयालाही कळवलंय.

तुमच्याकडून कुणी असे पैसे घेतले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर बँकेला ते गोठवता येतात. व्हॉट्सअॅपवरचे संदेश पुसू नका, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आमच्या तक्रारीत पोलिसांनी पहिल्यांदा तेच मागितले.