घरची वॉशिंग पावडर, रिठा की दुकानातलीच? पैसे नक्की कशात वाचतात

व्हिडिओत सगळे म्हणतात घरी पावडर बनवा, निम्म्या पैशात काम होतं. मीही बनवली, चांगली तीनचार महिने वापरली, मधेच रिठ्यावर गेले, परत दुकानात आले. तुम्ही ठरवताय तर आधी माझा हिशोब बघा. भाव माझ्या किराणावाल्याचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील.

घरच्या पावडरची कृती सगळीकडे साधारण तीच, २५० ग्रॅमची कपड्याच्या साबणाची वडी किसायची (३० रुपये), अर्धा किलो धुण्याचा सोडा (३० रुपये) आणि पाव किलो टाकणखार म्हणजे बोरॅक्स (५० रुपये). म्हणजे किलोला ११० रुपये झाले. आता गंमत बघा, साधी स्वस्तातली पावडर मला किलोला ७० ला मिळते! घरची स्वस्त वाटते ती दीडशे रुपये किलोच्या भारी पावडरशी किंवा दोनशे रुपये लिटरच्या लिक्विडशी तुलना केली तरच, आणि व्हिडिओवाले नेमकी तीच तुलना करतात.

बरं, वडी घेताना तेलापासून केलेला साबण लागतो, ५०१ बारसारखा. निळी डिटर्जंटची वडी किसून घातली तर मग ती विकतची पावडरच की, फक्त हाताने किसलेली. आणि किसण्यासाठी मिक्सर वापरू नका, मी वापरला आणि पुढे दोन दिवस चटणीला साबणाचा वास, घरच्यांनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

पण खरा घोळ पाण्याचा आहे. माझी नणंद पुण्यात पेठेत राहते, तिला कॉर्पोरेशनचं धरणाचं पाणी, तिचे कपडे याच पावडरने मस्त निघतात, एका लोडला ३० ग्रॅम म्हणजे सव्वातीन रुपयात काम. आम्ही वाघोलीत, बोअर आणि टँकर. तीच पावडर, तीच कृती, आणि आमचे टॉवेल महिन्याभरात पापडासारखे कडक, पांढरे शर्ट करडे. कारण साधं आहे, बोअर-टँकरच्या जड पाण्यातला कॅल्शियम साबणाला चिकटतो आणि त्याचा चिकट साका होतो, तो कपड्यातच बसतो. सोडा थोडा कॅल्शियम खाली बसवतो पण आमच्या पाण्याला तो पुरत नाही, मग मी दुप्पट पावडर घालायला लागले म्हणजे लोडला साडेसहा रुपये, झाली बचत! दुकानातल्या पावडरीत साबण नसतो, डिटर्जंट असतं, ते जड पाण्यातही बऱ्यापैकी काम करतं.

तर काहीही बनवण्याआधी एवढं करा, बाटलीत अर्धं पाणी घ्या, त्यात किसलेला साबण चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली पाणी स्वच्छ असेल तर करून बघायला हरकत नाही. फेस नाही आणि पाणी दुधासारखं गढूळ, तर घरच्या पावडरचा नाद सोडा.

डागांचं म्हणाल तर घरचा माल इथे मागेच पडतो. दुकानातल्या चांगल्या पावडरीत एन्झाइम असतात, रक्त, तूप, वरणाचे डाग त्याने निघतात, साबण आणि सोड्याने तेवढे नाही निघत. हळदीचा डाग कुठल्याही साबणाने लाल होतो, घाबरू नका, तो क्षारामुळे रंग बदलतो, धुवून कडक उन्हात टाका, बराचसा उडतो. आणि ते व्हिनेगर नि सोडा एकत्र घालून बुडबुडे काढतात ना, ते दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळजवळ खारट पाणी.

आता रिठा. रिठ्याचं मला खरंच कौतुक आहे पण रोजच्या कपड्यांना नाही. बिया काढून दहाबारा टरफलं रात्री भिजवायची, सकाळी १५-२० मिनिटं उकळायची, कुस्करून गाळायची, त्यात गॅस वेगळा. माझ्याकडे रिठा २०० रुपये किलो, म्हणजे एका लोडला सहा रुपये आणि वर तुमची सकाळ गेली. फ्रीजमध्ये चारपाच दिवस टिकतं, नंतर आंबूस वास येतो. पांढऱ्यांवर पिवळट झाक येते. फेस डोळ्यात गेला तर विचारू नका. पण लोकरीचे स्वेटर, साध्या रेशमी साड्या, यांना रिठ्यासारखं दुसरं काही नाही, कारण सोडा आणि एन्झाइम दोन्ही रेशीम-लोकरीला खातात आणि रिठा सौम्य आहे. (पैठणी मात्र घरी धुवायच्या फंदात पडू नका, जरीचा प्रश्न आहे.) धुण्याचं पाणी झाडांना घालत असाल तरी रिठाच बरा, टाकणखार जास्त झाला की झाडांची पानं कडेने जळायला लागतात.

टाकणखाराबद्दल अजून एक, आजी तोंड आलं की लावायची म्हणून तो निरुपद्रवी असं नाही, बरणीवर नाव लिहून लहान मुलांपासून लांबच ठेवा.

अ‍ॅसिड स्लरी (डिटर्जंट बनवायचं तीव्र आम्ल) आणि कॉस्टिक सोड्याची किट मिळतात ती मी घेतली नाही आणि स्वयंपाकघरात तर अजिबात नको म्हणेन. लोक लगेच निरमाचं उदाहरण देतात, १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादला घरीच पावडर बनवून सायकलवरून विकली. खरंय, पण ते स्वतः केमिस्ट होते हो.

फ्रंट लोड मशीन असेल तर घरचा साबण नकोच, दाराच्या रबराच्या घडीत साका जमतो. रिठाही नको, फेस फार.

मग पैसे कशात वाचले? मापात. आमच्याकडे दुकानातली ७० रुपये किलोची पावडर मुठीने पडायची, एकदा वजन केलं तर ८५ ग्रॅम! आता ४५ ग्रॅमचं माप आहे, सहा रुपयांचे तीन झाले, कपडे तेवढेच स्वच्छ. सुती कपड्यांना त्यात चमचाभर सोडा जास्तीचा घालते, पाणी जड आहे म्हणून, रुपयाभराचा खर्च. महिन्याला २५ लोड धरले तर पन्नासएक रुपये वाचतात, ना किसणं ना उकळणं.

धरणाचं पाणी, टॉप लोड किंवा हाताने धुणं, आणि आत्तापर्यंत महागडी पावडर वापरत असाल तर नणंदेसारखं करून बघा, तिचं छान चाललंय. तिने मला मागच्या महिन्यात मोठी बरणी भरून दिली, नाही कसं म्हणणार. ती मी ओट्यामागच्या टाइल्स घासायला वापरते, फोडणीचा तेलकटपणा झकास निघतो. तिला अजून सांगितलं नाहीये.