तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय: एका रात्रीचा अनुभव

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, भातकापणी ऐन भरात असताना, माझ्या काकीला खळ्यावर पेंढ्या रचताना हाताच्या अंगठ्याला फुरसे चावले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. त्या रात्री आम्ही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. या दोन्ही ठिकाणी काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. दोन्ही संस्थांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण मला दिसलेली उणीव तेथे राबणाऱ्या माणसांची नाही.

आरोग्य केंद्र आमच्यापासून सहा किलोमीटरवर आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद काही महिन्यांपासून रिकामे होते. ड्युटीवर एकट्या सिस्टर होत्या. त्यांनी काकीच्या बांगड्या काढल्या, हात फळीला बांधून स्थिर केला, गावातल्या कोणी मनगटावर आवळलेली दोरी सोडली आणि नोंदवहीत वेळ लिहून पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली. सर्पदंशावरील लस देण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो आणि डॉक्टर नव्हते. १०८ क्रमांकाची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, म्हणून शेजाऱ्यांच्या पिकअपमधून आम्ही सव्वाआठला तालुक्याला पोहोचलो.

ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांविषयी मी मनापासून चांगलेच लिहीन. केसपेपर होण्याची वाट न पाहता त्यांनी काकीला खाटेवर घेतले. ‘मावशी, हात हलवू नका, घाबरू नका, मी इथेच आहे,’ असे म्हणत त्यांनी कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेतले आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटे तिला कोणी हात लावायचा नव्हता. नळी काचेचीच लागते आणि ती स्वच्छ, कोरडी असावी लागते. वीस मिनिटांनी ती तिरपी केल्यावर रक्त गोठलेले असेल तर ठीक, पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले असे समजायचे. महागडे यंत्र नसलेल्या ठिकाणीही करता यावी अशी ही तपासणी आहे. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो होतो. नळी तिरपी केली तेव्हा रक्त सरळ काठापर्यंत वाहत आले. लगेच दहा कुप्या सलाईनमधून सुरू झाल्या. लस देताना रुग्णाला अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून डॉक्टर शेजारी उभेच राहिले.

सहा तासांनी तीच तपासणी पुन्हा झाली आणि रक्त अजूनही गोठत नव्हते. अशा वेळी लसीची पुढची मात्रा द्यावी लागते. भांडारात मात्र एकही कुपी उरलेली नव्हती. रक्तसाठ्याची सोय नव्हती, फिजिशियनचे पद रिकामे होते. रात्री तीन वाजता काकीला १०८ च्या गाडीतून अडीच तासांवरच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली, पाचव्या दिवशी घरी आली. उपचाराचा एक रुपयाही लागला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत आणि हा निर्णय चांगलाच आहे. पण ज्या तालुक्यात फुरसे दर पावसाळ्यात आणि दर कापणीला निघते, तेथे दुसऱ्या मात्रेइतकीही लस नसणे हा काही दैवाचा भाग नव्हे.

‘सरकारी आहे, जे मिळाले ते नशीब,’ असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी नंतर म्हटले. मला ते पटले नाही, आणि याला कायद्याचा भक्कम आधार आहे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झाल्याने एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेला गेला. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. अखेर त्याला खासगी रुग्णालयात पदरचे पैसे खर्चून उपचार घ्यावे लागले. त्याच्या शेतमजूर संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ६ मे १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, गरजू माणसाला वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे. राज्याला २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पैशाची चणचण आहे असे सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि प्राथमिक केंद्रांत तातडीचे उपचार, जिल्हा व उपविभाग पातळीवरील रुग्णालयांची दर्जावाढ, खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती व्यवस्था आणि सुसज्ज रुग्णवाहिका यांविषयी निर्देश दिले. त्या रात्री एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना मला हाच निकाल आठवत होता.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे, त्यामुळे पहिले उत्तर राज्य शासनानेच द्यायचे. अनुच्छेद ४७ आरोग्यमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानतो. तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने थेट न्यायालयात बजावता येत नाही, पण अनुच्छेद २१ चा अर्थ लावताना त्याचे बळ मिळते. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे असा कायदा व्हावा, असे मला फार वाटते.

सेवेविषयी तक्रार असेल तर ग्राहक आयोगाकडे जावे, असे एका मित्राने सुचवले. तो रस्ता येथे बंद आहे. सर्वांना मोफत उपचार देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याच्या अर्थाने ‘सेवा’ देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. नोंदणीचे नाममात्र शुल्क घेतले तरी त्यात फरक पडत नाही. म्हणजे आपण येथे ग्राहक म्हणून नव्हे, तर नागरिक म्हणून उभे असतो, आणि दाद मागायची तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात. खळ्यावर राबणाऱ्या बाईला ते कितपत जमेल?

तपासून पाहायला मोजमाप मात्र आहे. केंद्र शासनाच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार डोंगराळ भागात २०,००० आणि सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, आणि तेथे डॉक्टर असावा. ही मानके म्हणजे कायदा नव्हे, पण ‘पुरेशी सोय’ कशाला म्हणायचे हे ठरवताना ती हाताशी धरता येतात. त्या मोजपट्टीने पाहता आमच्याकडे इमारती आहेत, खाटा आहेत, फरशी स्वच्छ पुसलेली आहे, प्रसाधनगृहात पाणी होते. माणसे आणि औषधसाठा कमी पडतो. डॉक्टर आणि सिस्टर यांना मी पूर्ण गुण देतो. शासनाला पन्नास टक्केही देता येत नाहीत.

रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे मी लेखी अर्ज दिला आहे. भातलावणी आणि कापणीच्या महिन्यांत सर्पदंशाच्या लसीचा किमान साठा ठरवून तो दर्शनी फलकावर रोज लिहावा, रिकाम्या पदांची यादी लावावी आणि आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नसेल तर कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा त्यांचा क्रमांक दारावर असावा, एवढ्या तीन मागण्या आहेत. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर आले की ते येथेच जोडीन.