गणिताचं ‘वैयक्तिक’ ॲप: पावसाळ्यापासून वापरल्यावर

लेक चौथीपर्यंत डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. गोव्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निघालेल्या बऱ्याच मुलांची हीच वाट. सहावीत अपूर्णांक अडले तेव्हा मुलाच्या उत्तरांवरून पुढचा धडा ठरवणारं हे ॲप घेतलं. नाव देत नाही, अशी बरीच आहेत.

आधी चांगलं सांगते. सुरुवातीच्या चाचणीनंतर त्यानं अपूर्णांकांची बेरीज उघडलीच नाही, थेट लसाविवर नेलं. गोची तिथंच होती. भरल्या वर्गात टीचर एका पोरीसाठी इतक्या मागे कशा येणार? लसावि पक्का झाला आणि भिन्न छेदांची बेरीज तिनं फारशी कुरकुर न करता केली. गणेश चवथीच्या सुट्टीत टॅब्लेट कपाटात होता (गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी सोडून गणित कोण करतंय!). नंतर ॲपनं नवा धडा न लादता आधी उजळणी काढली, तेही आवडलं.

मग शाब्दिक उदाहरणं आली आणि सगळं बिनसलं. ३/४ मधून १/३ वजा कर म्हटलं की उत्तर बरोबर. तेच टाकीतल्या पाण्याच्या चार इंग्रजी वाक्यांत आलं की चूक. ॲपच्या मते वजाबाकी कच्ची, म्हणून पुन्हा खालच्या इयत्तेची गणितं. पोर वैतागली. मी तेच उदाहरण मराठीत सांगितलं, तिनं वहीत सोडवून दिलं.

अशा प्रणालींसाठी कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी १९९०च्या दशकात मांडलेली एक पद्धत आहे, बेझियन नॉलेज ट्रेसिंग. मुलाला एखादं कौशल्य येत असण्याची शक्यता दर उत्तरागणिक वरखाली होते. ठोकून दिलेलं बरोबर उत्तर आणि येत असून झालेली चूक, दोन्ही त्यात धरलेली असतात. पण कोणता प्रश्न कोणतं कौशल्य तपासतो हे आधी ठरवावं लागतं. आमच्या ॲपच्या हिशेबात इंग्रजी वाचन नसावं, असं त्याच्या वागण्यावरून दिसतं.

शिवाय ते फक्त शेवटचं उत्तर बघतं. संशोधक व्हॅनलेन यांच्या २०११च्या आढाव्यात पायरीपायरीनं तपासणाऱ्या प्रणालींचा परिणाम, शिकवणी नसलेल्या मुलांच्या तुलनेत, सुमारे ०.७६ प्रमाण विचलन निघाला (आकडा मोठा तितका फायदा जास्त), माणसाच्या शिकवणीच्या (०.७९) जवळपास. नुसतं उत्तर तपासणाऱ्यांचा ०.३१. विकत घेताना हे विचाराच. जाहिरातीत सापडणार नाही.

वर्गणी तिमाहीचीच ठेवली आहे, तीही आकडेमोडीपुरती. शाब्दिक गणितं आम्ही वहीत करतो. पालकांच्या खात्यातून धडा हातानं पुढे सरकवता येतो, पण तो पर्याय सेटिंगमध्ये फार आत दडवलाय. घेतलंत तर आधी तो शोधा.