ओटा पाण्यावरच कापणारं लातूरचं दुकान

बार्शी रोडवरच्या एका ग्रॅनाइट-क्वार्ट्झच्या दुकानातून स्वयंपाकघराचा ओटा करून घेतला. पाचपैकी चार तारे देते. रंग, चकाकी, जोड याबद्दल पुढे लिहीनच, पण आधी दगड कसा कापतात ते सांगते. मी दुकान निवडलं ते त्यावरूनच.

माझी नोकरी सरकारी दवाखान्यात एक्स-रे विभागात झाली. दगडफोडीच्या, खाणीवरच्या, फरशीच्या कामावरच्या माणसांच्या छातीच्या फिल्म पुष्कळ काढल्या. फुप्फुसाच्या वरच्या भागात बारीक बारीक गाठी, सोबत खोकला, दम, घटलेलं वजन. लक्षणं टीबीसारखी, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि दम काही जात नाही. हा सिलिकोसिस, दगडातल्या सिलिकेची बारीक धूळ श्वासातून गेल्याने होणारा फुप्फुसाचा आजार. तो झालेल्याला टीबी लवकर गाठतो, त्यामुळे कधी कधी दोन्ही एकदमच असतात. सिलिकोसिसवर औषध नाही. काम सोडलं तरी तो वाढत राहू शकतो.

हे डोक्यात असल्यामुळे आधीच्या दुकानातून मी तशीच परतले. तिथं पत्र्याच्या शेडखाली एक पोरगा क्वार्ट्झच्या स्लॅबला कोरड्या ग्राइंडरने सिंकचं भोक पाडत होता. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्याफेक. धूळ दबायला पाणी का सोडत नाही, असं मालकाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, लातुरात प्यायला पाणी पुरंना, कटरला कुठून घालू?" २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं आपलं शहर. ऐकणाऱ्याला हे पटतंही. मला पटलं नाही, कारण ज्या धुळीने फुप्फुस जातं ती डोळ्यांना दिसत नाही आणि रुमालाने अडत नाही.

त्यातही क्वार्ट्झची गोष्ट वेगळी. आपल्याकडे ज्याला सरसकट क्वार्ट्झ म्हणतात तो खाणीतून अख्खा निघत नाही. क्वार्ट्झची भुकटी आणि रेझिन एकत्र दाबून तो कारखान्यात बनवतात. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर जाते. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण ४५ टक्क्यांपर्यंत असते, संगमरवरात फारच थोडी. खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला जो आजार वीस वर्षांनी व्हायचा, तो क्वार्ट्झ कोरडा कापणाऱ्या तरुण पोरांना पाच-दहा वर्षांतच होतोय. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा दगड बनवणं, विकणं, कापणं, बसवणं सगळं बंद केलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून आयातही. पाण्यावर कापा, मास्क लावा, हे नियम तिथं आधीपासून होते. तरी कामगार आजारी पडत राहिले. कमी सिलिकेचा दगड चालू ठेवावा का, यावरही विचार झाला, पण अमुक टक्क्यांखाली धोका नाही असं कुणाला खात्रीने सांगता येईना. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने बंदी घातली नाही, पण २०२३ च्या डिसेंबरपासून कोरडं कापायला मनाई केली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत सिलिकोसिस होता, आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेच्या यादीतही आहे, म्हणजे रोगी सापडला की कळवणं बंधनकारक. पण दोन-तीन पोरांवर चालणारं ओट्याचं दुकान कारखान्यात मोडतच नाही. तिथं तपासायला कोण येणार? गिऱ्हाइकानेच विचारायचं.

बार्शी रोडच्या दुकानात मी विचारलं. मालकांनी मला मागच्या शेडात नेलं. मोठ्या कटरवर पाण्याची धार सतत चालू, हातातल्या ग्राइंडरलाही बारीक नळी. खाली उताराची फरशी, आणि एकापुढे एक तीन हौद. गाळ पहिल्या दोन हौदांत बसतो, तिसऱ्यातलं पाणी पंपाने परत कटरला जातं. वर फक्त उडालेलं, वाळलेलं पाणी भरावं लागतं. पाणी नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा येऊन पाहावं. गाळ वाळायच्या आत पोत्यात भरतात, कारण वाळला की पुन्हा धूळच. शेडात झाडू मारत नाहीत, पाण्याने धुतात. ओल्या जागी वीज म्हणून प्रत्येक लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवलाय.

घरी येऊन त्यांच्या मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा साचा घेतला. सिंक, शेगडी, नळ, सगळी भोकं शेडातच पाडून आणली. बसवताना भिंतीकडची एक बाजू किंचित अडली. माझा भाऊ म्हणाला, "इथंच मारा की थोडा ग्राइंडर, दोन मिनिटांचं काम." मिस्त्री म्हणाले, "नाही दादा, घरात कोरडं कापायचं नाही, मालकांचं सांगणं आहे." स्लॅब परत नेला, दुसऱ्या दिवशी आणला. माझा एक दिवस गेला, पण मला त्या माणसाचा फार आदर वाटला.

मी काळं ग्रॅनाइट घेतलं, खालच्या कप्प्यांना कडप्पा. क्वार्ट्झही आहे त्यांच्याकडे, पांढऱ्या रंगाला मागणी आहे म्हणून. ज्यांच्या घरी तो आधीच बसलाय त्यांनी घाबरू नये. बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटल्याने काही होत नाही. धोका आहे तो कापताना, घासताना आणि तोडून काढताना. नवा घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: ग्रॅनाइट घ्या, आणि तेही पाण्यावर कापलेलं.

काम चांगलं आहे. गोल धार एकसारखी, सिंकचा जोड नखाला लागत नाही. कोपऱ्यातल्या जोडाचा रंग थोडा वेगळा दिसतो, तो बदलून देणार आहेत. मजुरी इतरांपेक्षा जास्त पडते आणि लग्नसराईत नंबर लावावा लागतो.

एक तारा कापला तो कामगारांच्या तपासणीसाठी. मास्क एन-९५ आहेत, पण दोन पोरांना दाढी आहे. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, कडेने हवा आत जाते. आणि कुणाच्याच छातीचा एक्स-रे कधी काढलेला नाही. मी मालकांना सांगितलंय, कामावर घेताना एक फिल्म काढा, फुंकायची तपासणी करा, मग दर वर्षी करत जा. आधीची फिल्म हाताशी असली तर डॉक्टरांना बदल लवकर ओळखता येतो. ते हो म्हणालेत. कोपऱ्याचा जोड बदलायला येतील तेव्हा पोरांना विचारीन, आणि फिल्म निघाली असली तर इथं पाचवा तारा लावीन.