रविवारची स्टाफ बॅच, जळगाव: फी भरण्याआधी एवढं वाचा

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथे घरी बसून पुण्या-बंगळुरूच्या किंवा थेट परदेशातल्या कंपन्यांचं काम करणाऱ्या सीनियर इंजिनिअरांसाठी जळगावात एक शिकवणी चालते. दहा रविवार, सकाळी ८ ते १२, बॅचमध्ये बाराच जण. फी १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे पावती २१,२४० रुपयांची. विषय एकच, सीनियरवरून स्टाफ, म्हणजे सीनियर इंजिनिअरच्या वरच्या, अनेक टीमांना लागू होणारे निर्णय घेणाऱ्या पायरीवर कसं जायचं. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन तारे.

पहिला रविवार लेव्हल समजावण्यात जातो, आणि तो वाया जात नाही. गूगलमध्ये एल-५ सीनियर, एल-६ स्टाफ. मेटामध्ये ई-५ आणि ई-६. ॲमेझॉनमध्ये स्टाफ नावाची पायरीच नाही, सीनियरनंतर थेट प्रिन्सिपल. मायक्रोसॉफ्टमध्येही सीनियरच्या वर प्रिन्सिपलच. त्यामुळे चाळीस माणसांच्या स्टार्टअपने ऑफर लेटरवर ‘स्टाफ’ छापलं तर हुरळून जायचं कारण नाही. तीन प्रश्न विचारायचे: कंपनीत आज स्टाफ किती आहेत, त्यांचे निर्णय किती टीमांना लागू होतात, आणि आतल्या आत सीनियरवरून स्टाफ झालेला शेवटचा माणूस कधी झाला. उत्तरं मिळाली नाहीत तर फी भरायची घाई करू नका. सीनियर ही बहुतेक ठिकाणी मुक्कामाची पायरी असते, तिथेच राहिलात तरी कुणी हटकत नाही. वर जायला तुमच्या हुशारीइतकीच जागाही लागते, म्हणजे तीन-चार टीमांना एकदम छळणारा प्रश्न कंपनीपाशी असावा लागतो. ही गोष्ट जाहिरातीत कुठेच लिहिलेली नाही, पण सर पहिल्याच तासाला सांगतात.

पैसे वसूल होतात ते तिसऱ्या ते सहाव्या रविवारी. चारही रविवार एकाच कल्पित ॲपवर: सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळीसाठी ट्रक बुक करणारं ॲप. टीमा तीन, बुकिंग, पेमेंट आणि ड्रायव्हर. तक्रार अशी की कापणीच्या दिवशी एकाच शेतात कधीकधी दोन ट्रक येऊन उभे राहतात.

कारण साधं आहे. बांधावर रेंज नसते, विनंती सर्व्हरपर्यंत पोचते पण उत्तर परत येत नाही, ॲप टाइमआउट समजून पुन्हा पाठवतं आणि सर्व्हर ती नवी बुकिंग धरतो. इलाज आयडेम्पोटन्सी की, म्हणजे विनंतीसोबत जाणारा ओळखक्रमांक, ज्यावरून सर्व्हरला ‘ही तीच विनंती’ हे कळतं; हे बारापैकी दहा जण पाच मिनिटांत सांगतात. चुकतात ते पुढे. पहिली चूक: प्रत्येक रिट्रायला, म्हणजे पुन्हा पाठवताना, नवी की बनवणं. ती शेतकऱ्याने बटण दाबलं त्या क्षणी एकदाच बनली पाहिजे आणि फोनमध्ये साठवली पाहिजे. दुसरी, आधी ‘आहे का’ तपासून मग नोंद घालणं. त्या मधल्या फटीतून दोन विनंत्या एकदम आत घुसतात. डेटाबेसवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच की दोनदा नोंदवू न देणारी अट) हवाच, आणि दुसऱ्या विनंतीला एरर न देता पहिलंच उत्तर परत द्यायचं. तिसरी चूक फार कमी जणांना दिसते: सर्व्हरवरची ही की पाच मिनिटांत पुसून टाकणं. शेतकरी तासाभराने घरी पोचतो, वायफाय लागतं, अडकलेली विनंती निघते आणि दुसरा ट्रक रवाना होतो.

इथपर्यंत सगळं सीनियरचं काम. सर इथे थांबून विचारतात, ‘पेमेंटमध्ये हेच भोक नाही का?’ आहेच. ड्रायव्हरला जाणाऱ्या मेसेजमध्येही आहे. तीन टीमा तीन तऱ्हेने बुजवतील आणि वर्षभराने तीन वेगवेगळ्या कीज जुळवत बसतील. स्टाफचं काम म्हणजे तिघांसाठी एकच करार ठरवणं: ही की विनंतीच्या कोणत्या हेडरमध्ये जाईल, किती वेळ ठेवायची, तीच की पण आतला मजकूर वेगळा आला तर नाकारायचं की नाही, लायब्ररी कुणाच्या ताब्यात, आणि आधी कोणती टीम बदलणार. कोड दोनशे ओळींचाही नसेल. भांडण मात्र ‘ताबा कुणाचा’ यावर दीड तास चालतं, आणि शिकण्यासारखं तेच आहे.

मग याच प्रश्नावर डिझाइन डॉक, म्हणजे प्रश्न आणि सुचवलेला उपाय मांडणारा कागद, लिहून आणायचा. एकाचा चौदा पानांचा होता. पहिल्या पानावर इव्हेंट-ड्रिव्हन आर्किटेक्चरचे फायदे, दुसऱ्यावर आकृती, तिसऱ्या-चौथ्यावर काफ्का आणि रॅबिटएमक्यू या मेसेज वाहून नेणाऱ्या सिस्टिमांची तुलना. सरांनी लाल पेनाने पाचव्या पानावरच्या एका ओळीला गोल केला आणि म्हणाले, ‘भाऊ, शेतकऱ्याच्या दारात दोन ट्रक उभे आहेत हे पाचव्या पानावर कळतंय. तोवर वाचणारा जेवायला गेला.’ आधीची चारही पानं परिशिष्टात गेली. पहिल्या पानासाठी त्यांचा साचा कडक आहे: प्रश्न चार ओळींत, काहीच केलं नाही तर काय बिघडेल, नाकारलेले पर्याय आणि नाकारण्याचं कारण, निर्णय कोणाकडून, कोणत्या तारखेपर्यंत हवा. शेवटचा मुद्दा सगळेच विसरतात, आणि मग डॉकवर साठ कॉमेंट येतात पण निर्णय येत नाही.

आकडेमोडही करून घेतात, तीही कागदावर. ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे तीस दिवसांत ४३.२ मिनिटं बंद. पण बुकिंग पूर्ण व्हायला तिन्ही सेवा एकामागोमाग लागत असतील आणि प्रत्येकीचं वचन ९९.९ असेल, तर एकूण साधारण ९९.७ उरतात, म्हणजे जवळपास १३० मिनिटं. प्रत्येक टीमचा डॅशबोर्ड हिरवा आणि शेतकरी दोन तास ताटकळलेला. हा हिशोब तिन्ही टीमांपुढे मांडणारा माणूस कंपनीला हवा असतो.

सातवा रविवार मायग्रेशनचा, म्हणजे चालू काम न थांबवता जुन्या टेबलातला डेटा नव्यात हलवण्याचा. क्रम योग्य शिकवतात: नवं टेबल, दोन्हीकडे लिहिणं, जुन्या डेटाचं बॅकफिल (तो नव्यात भरणं), दोन्हीकडून वाचून तुलना, वाचन नव्याकडे वळवणं, जुनं लेखन बंद, मग जुनं टेबल काढून टाकणं. दोन्हीकडे लिहिताना एक लेखन यशस्वी आणि दुसरं फसलं तर काय, म्हणून आउटबॉक्स टेबल (राहिलेलं लेखन नंतर पुरं करता यावं यासाठीची नोंद); बॅकफिल नव्या ओळीवर जुनी ओळ चढवतं, म्हणून व्हर्जन तपासणं. उत्तम. फक्त जुनं टेबल काढण्याच्या पायरीला दहाच मिनिटं मिळाली, आणि खरी रड तिथेच असते. ऐंशी टक्के काम झालं की लोक केक कापतात. उरलेल्या दोन-तीन टीमांना वेळ नसतो, जुनी सिस्टिम जिवंत राहते आणि आता सांभाळायच्या सिस्टिम दोन. त्या टीमांना आठवणीचे मेल पाठवण्याऐवजी त्यांच्या रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) स्वतः बदल करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो स्वीकारण्याची विनंती, टाकणं हा त्यातल्या त्यात चालणारा उपाय, तो इथे सांगितला गेला नाही.

प्रमोशन पॅकेटचा, म्हणजे बढतीसाठी कमिटीपुढे ठेवायच्या कामाच्या पुराव्यांचा, तास आपल्याकडच्या माणसांसाठी खास उपयोगी. ‘मी मी करू नये’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे पॅकेटमध्ये सगळीकडे ‘आम्ही केलं’. कमिटीला त्यातून तुमचा वाटा शोधता येत नाही. इथे चार रकान्यांचा तक्ता देतात: काय बदललं, त्यात माझा नेमका निर्णय कोणता, पुरावा कुठे, साक्षीदार कोण. साक्षीदार आपल्या टीमबाहेरचा आणि शक्यतो स्टाफ किंवा त्यावरचा हवा. तक्ता दर महिन्याला भरायचा. प्रमोशनची सायकल बंद व्हायच्या आठवड्यात भरायला बसलात तर निम्म्या लिंक सापडत नाहीत.

आता कापलेल्या दीड ताऱ्याचं. तुम्ही नसलेल्या खोलीत तुमचं नाव कोण घेणार, यावर जेमतेम एक तास, आणि तोही मेंटर आणि स्पॉन्सर यांतला फरक सांगण्यात संपतो. मेंटर सल्ला देतो, स्पॉन्सर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कोणाला वर न्यायचं हे ठरवण्याच्या, बैठकीत तुमच्यासाठी स्वतःची पत खर्च करतो, हे खरं. पण जळगावात बसलेल्या माणसाने तो मिळवायचा कसा? पुण्यातले लोक कँटीनमध्ये जे उरकतात ते इथून लिहून करावं लागतं: मॅनेजरच्या वरच्या माणसाला महिन्यातून एकदा अर्ध्या पानाचं टिपण, डॉक सर्वांसमोर जाण्याआधी विरोध करू शकणाऱ्या दोघा-तिघांशी वेगवेगळा कॉल, आणि ऑफिसची फेरी तिमाही प्लॅनिंगच्या आठवड्यातच. खान्देशात ही शिकवणी काढून नेमका हाच भाग कोरडा ठेवणं पटत नाही.

शेवटचा रविवार मुलाखतीचा. सरावाला यूआरएल शॉर्टनर (लांब लिंक छोटी करणारी सेवा), चॅट, न्यूजफीड यांची डिझाइन. ही तयारी सीनियरच्या मुलाखतीची. स्टाफसाठी बऱ्याच कंपन्या तुमच्याच एखाद्या प्रोजेक्टवर तासभर खोदतात: विरोध कोणी केला, काय मुद्दाम केलं नाही, आज केलं तर काय वेगळं कराल. त्याचा एकही सराव नाही. नवव्या रविवारी लिंक्डइन प्रोफाइलवर दोन तास का घातले, ते त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी भरीत-भाकरीचं जेवण असतं, एवढंच त्याच्या बाजूने बोलता येईल.

एक तक्रार गंभीर आहे. सुरुवातीचे दोन रविवार लोक कंपनीचे खरे डॉक लॅपटॉपवर उघडून दाखवत होते आणि कोणी अडवलं नाही. हा सरळ गोपनीयतेचा भंग, नोकरी जाऊ शकते. तिसऱ्या रविवारी नियम आला: नावं, आकडे, आकृत्या बदलूनच आणायचं. तो पहिल्याच मेलमध्ये यायला हवा. तुम्ही गेलात तर सांगण्याची वाट पाहू नका.

खोली ठीक, इन्व्हर्टर आहे पण त्यावर एसी चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना चार तास बसणं कठीण, थंडीतली बॅच धरा. धुळ्याहून येणाऱ्यांनी ऑन-कॉलचा (सिस्टिम बिघडली तर धावून जायच्या पाळीचा) रविवार आधीच बदलून घ्यावा. चुकलेला तास पुन्हा होत नाही आणि रेकॉर्डिंग देत नाहीत. दुसऱ्या रविवारनंतर सोडलं तर निम्मी फी परत, ही अट तोंडी सांगतात. पावतीवर लिहून घ्या.

सीनियर होऊन दोन वर्षंही झाली नसतील तर थांबा. झाली असतील आणि कंपनीत वरची जागा असेल, तर विचारून बघा की फक्त तिसरा ते आठवा रविवार घेता येतो का. आधीच्या बॅचमध्ये दोघांना १२,००० अधिक जीएसटीमध्ये तसं दिलं होतं.