चादरीच्या दुकानाच्या वेबसाइटसाठी अपाचीचं मॉड-एक्स्पायर्स: माझा अनुभव

सोलापुरातल्या चादरी, टॉवेल आणि शेंगाचटणीच्या दुकानांच्या वेबसाइट मी सांभाळते. बहुतेक साइट स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), अपाची सर्व्हरवर आहेत. अपाची म्हणजे मागणाऱ्याला साइटची पानं आणि फोटो पाठवणारं सॉफ्टवेअर. तिथे मॉड-एक्स्पायर्स हे मॉड्यूल, म्हणजे अपाचीचा जोडभाग, बहुधा आयतंच असतं. कोणती फाइल किती दिवस स्वतःकडे जपून ठेवायची, हे ते गिऱ्हाइकाच्या ब्राउझरला सांगतं. चार ओळींत एवढं काम करून देणारं दुसरं काही मला तरी मिळालेलं नाही.

चादरीचं गिऱ्हाईक फोटो बघूनच ठरवतं. जकार्डची वीण जवळून, काठ, उलटी बाजू, घडी, सगळं दाखवावं लागतं. घरच्यांना विचारून तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं. फाइल किती दिवस जपायची हे आपण सांगितलं नसेल, तर ब्राउझर अंदाज बांधतो. फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला, त्याच्या साधारण १० टक्के. म्हणजे काल चढवलेला फोटो दोन-अडीच तासांतच शिळा! नव्या मालालाच फटका. मग प्रत्येक फोटोसाठी सर्व्हरला विचारणा होते. ‘३०४, बदल नाही’ असं उत्तर आलं तरी हेलपाटा पडतोच, आणि एसटीत बसून मोबाइलवर बघणाऱ्याला तो जाणवतो.

एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (साइटच्या फोल्डरमधली अपाचीसाठीच्या सूचनांची फाइल) मॉड्यूल चालू करून मी फोटो, फॉन्ट आणि स्टाइलशीटला वर्षाची मुदत देते. सर्व्हर मग फाइलबरोबरच्या ‘कॅशे-कंट्रोल’ या सूचनेत मॅक्स-एज, म्हणजे जपण्याची मुदत, ३१५३६००० सेकंद असं पाठवतो. खात्री करायची तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅशे’ची (कॅशे म्हणजे ब्राउझरने जपलेल्या फाइलींचा साठा) खूण काढा आणि रिलोड न करता लिंकवरून पुढच्या पानावर जा. लोगोसमोर फाइलच्या आकाराच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘मेमरी कॅशे’ किंवा ‘डिस्क कॅशे’ दिसलं, की काम झालं.

एका गोष्टीला मात्र फार जपा. सगळ्या फाइलींना सरसकट वर्ष देणारी ‘एक्स्पायर्स-डिफॉल्ट’ची ओळ कुठूनतरी उचलून डकवू नका. त्यात एचटीएमएल पानंही येतात, आणि भाव बदलला तरी गिऱ्हाइकाच्या फोनवर जुनाच दिसत राहतो. तिथून तो परत बोलावता येत नाही. पानांना ‘नो-कॅशे’ हवं, म्हणजे जपून ठेव पण दर वेळी विचार. हे मॉड-एक्स्पायर्सला लिहिताच येत नाही, त्यासाठी मॉड-हेडर्स हे अपाचीचं दुसरं मॉड्यूल लागतं. ही त्याची खरी उणीव. ‘इम्म्युटेबल’चंही (ही फाइल बदलणारच नाही, मुदतीत विचारूच नको) तेच.

फोटो बदलला की फाइलचं नावही बदला. जानेवारीत गड्डा यात्रेच्या आधी दुकानदार नवा बॅनर मागतात. तो ‘बॅनर-२’ म्हणून चढवा, जुन्यावर नको.

होस्टिंग घेण्याआधी एवढं विचारा: सर्व्हर अपाची आहे का? एनजिनएक्स हे दुसरं सर्व्हर सॉफ्टवेअर एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, तिथे ही मुदत सर्व्हरच्याच कॉन्फिगरेशनमध्ये लिहावी लागते.