तेजसच्या पाटीवर एस एक की दोन?

लातूरला गंजगोलाईजवळ भाचा चहा-कॉफीचं दुकान टाकतोय. नाव तेजस, पाटी इंग्रजीत. परवा फोन आला, "मामा, अपॉस्ट्रॉफीनंतर आणखी एक एस टाकू का नुसतं चिन्ह ठेवू?" अपॉस्ट्रॉफी म्हणजे इंग्रजीत 'चा-ची-चं' दाखवणारं, अक्षरांच्या डोक्याशी येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह. मराठीत 'तेजसचं' म्हटलं की मिटलं. इंग्रजीत Tejas's आणि Tejas' दोन्ही चालतं.

उच्चाराला जादा एस बरा. तोंडानं 'तेजसेस' म्हणतो, तेच डोळ्याला दिसतं. पुस्तकवाले वापरतात ती अमेरिकेची शिकागो शैलीपुस्तिका हेच सांगते; असोसिएटेड प्रेस ही तिथली वृत्तसंस्था मात्र नुसत्या चिन्हावर भागवते. गंमत म्हणजे लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कच्या नावात जादा एस आहे, न्यूकॅसलच्या त्याच नावाच्या फुटबॉल मैदानाला नाही. इंग्रजांच्या घरातच एकमत नाही!

खर्चात नुसतं चिन्ह जिंकतं, कारण आमचा पेंटर अक्षरावर पैसे घेतो. पण रस्त्यावरून ते रंगाच्या ओघळासारखं दिसतं.

पेंटरनं खडूनं चिन्ह शेवटच्या एसच्या आधीच मारलं होतं. ते आधी पुसायला लावलं, नाहीतर दुकान 'तेजा'चं झालं असतं.

पाटी, पत्रिका, मोठ्यानं वाचायचा मजकूर असेल तर जादा एस घ्या. बातमी किंवा बोटभर स्टिकर असेल तर नुसतं चिन्ह पुरे. मेन्यूकार्डावर मात्र पाटीवरचंच ठेव, असं भाच्याला बजावलंय.